कान आणि माईक: ऐकण्याच्या खोलीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

वर्षभर नुसतं वाचन झालं. आजपासून हात घालायचा: गाणं नीट ऐकण्यासाठी एक खोली आणि तिच्यातले स्पीकर स्वतः घडवायचे. ओळखीतले सगळे एकच विचारतात, "अ‍ॅम्प कुठला घेणार?" मी आज फक्त मोजपट्टी बाहेर काढली. अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, नाही पटला तर बदलता येतो, भिंती येत नाहीत.

खोली ५.१ मीटर लांब, ३.६ रुंद, २.९ उंच. साधारण ५३ घनमीटर हवा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर समोरासमोरच्या दोन भिंतींत अर्धी तरंगलांबी नेमकी कुठे बसते ते वहीवरच निघतं: लांबीला ३३.६ हर्ट्झ, रुंदीला ४७.६, उंचीला ५९. मग त्यांच्या दुपटी आणि तिपटी. या वारंवारतांवर खोली स्वतःच गायला लागते. एका खुर्चीत खर्ज घुमतो आणि दोन पावलं सरकलं की कोणीतरी तो पुसून टाकल्यासारखा नाहीसा होतो. दोन भिंतींची मापं एकसारखी नाहीत हे नशीब. घनाकार खोली असती तर तिन्ही स्वर एकाच ठिकाणी येऊन बसले असते.

खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळीमागून एक 'टर्रर्र' आला. मोकळ्या समांतर भिंतींचा हा खास आवाज. माईक आणि संगणकावरच्या रूम ईक्यू विझार्ड या मोजणीच्या प्रोग्रॅमने मोजलं: ५०० हर्ट्झला निनाद विरायला १.१ सेकंद. व्याख्यानासाठी कदाचित चालेल, मला ०.४५ च्या आसपास हवा.

इथे सेबाइनचं सूत्र उपयोगी पडतं. वॉलेस सेबाइनला हार्वर्डमध्ये १८९५ मध्ये एका व्याख्यानगृहाचं काम दिलं होतं, कारण तिथे बोललेलं कळतच नसे. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून निघालं ते असं: निनादकाळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण, म्हणजे भिंती आणि सामान मिळून किती आवाज गिळतात ते. माझ्या खोलीत आज सुमारे ७.८ चौरस मीटर इतकं शोषण आहे. ०.४५ साठी १९ लागेल. म्हणजे अकराएक चौरस मीटर वाढवायचंय. जाड पडदा, गालिचा, सोफा मिळून पाचेक. बाकीचं आवाज शोषणाऱ्या आठ पॅनेलमधून काढायचं. हे काम मी मुद्दाम शेवटी ठेवतोय, आधी-नंतरचा फरक ऐकायचाय म्हणून. (ही चूक ठरेल असं आतून वाटतंय.)

ठरलेला आराखडा: दोन छोटे दुपदरी स्पीकर (खालच्या स्वरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर), बंद पेटीचे. ८० हर्ट्झखालचं सगळं दोन सबवूफरकडे, म्हणजे फक्त खोल खर्ज वाजवणाऱ्या पेट्यांकडे. मधे एक डीएसपी, म्हणजे आवाजाची डिजिटल वाटणी आणि दुरुस्ती करणारं उपकरण. अ‍ॅम्प तयार घेणार, ६० वॅटचा, क्लास एबी प्रकारचा. तो घरी बांधायची हौस होती, पण मेनच्या विजेशी पहिल्याच प्रकल्पात खेळ नको.

११ जानेवारी

वूफर आले, १८ सेंटीमीटरचे. ट्वीटर २८ मिलिमीटरचे, कापडी घुमटाचे.

माहितीपत्रकावर विश्वास ठेवून पेटी कापायची नाही असं आधीच ठरवलं होतं. १०० ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडून इम्पिडन्स, म्हणजे वारंवारतेनुसार बदलणारा विजेचा विरोध, मोजला. पत्रक म्हणतं मुक्त हवेतला अनुनाद ४० हर्ट्झ. माझ्याकडे ४६! क्षणभर वाटलं, माल परत करावा. मग नव्या वूफरचं कोळीजाळं, म्हणजे शंकूमागचा तो नक्षीदार पिवळा कपडा, सुरुवातीला ताठ असतो हे आठवलं. दोन्हींना रात्रभर २० हर्ट्झवर हलकं हलवत ठेवलं. आवाज जवळपास शून्य, शंकू मात्र श्वास घेतल्यासारखे वरखाली. आई दिवा बंद करायला आली आणि दारातच थबकली. "हे जिवंत आहे का रे?"

१२ जानेवारी

सकाळी ४२. दोघांतला फरक अर्ध्या हर्ट्झच्या आत. शंकूवर दहा ग्रॅम मळलेली माती चिकटवून पुन्हा मोजलं, त्यातून व्हीएएस (शंकूच्या टांगणीइतकीच लवचिक हवा किती लिटर, तो आकडा) निघाला २७ लिटर, क्यूटीएस (शंकूचा अनुनाद किती आवरलेला आहे, तो आकडा) ०.४०.

या आकड्यांमागे दोन माणसं आहेत: नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल. थीलचा मूळ निबंध १९६१ चा, स्मॉलचे त्यानंतर दहाबारा वर्षांनी. त्याआधी पेटीचं माप बरंचसं अंदाजाने आणि करून पाहून ठरायचं. आता भागाकार करता आला तरी पुरतं. १२.५ लिटरच्या बंद पेटीत क्यू ०.७१ येतो आणि अनुनाद चढतो ७५ हर्ट्झवर.

७५ ऐकून निराश व्हायचं कारण नाही, मला तेच हवंय. बंद पेटीचा आवाज त्याखाली अष्टकाला, म्हणजे वारंवारता निम्मी होताना, १२ डेसिबलने आपोआप उतरतो. त्यावर डीएसपीतून ८० हर्ट्झला आणखी १२ डेसिबलचा उतार दिला की दोन्ही मिळून जवळजवळ २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली उतार तयार होतो (जोड सपाट ठेवणारा, त्याबद्दल पुढे). सबवूफरला वरून तसाच उतार दिला की जोड बसली. निसर्गाने अर्धा फिल्टर फुकट दिलाय तर घ्यावा.

१९ जानेवारी

लाकूडकाम. बाजू १८ मिलिमीटर एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीच्या), पुढची फळी २५ ची. आतलं माप १८.४ बाय ३४ बाय २२ सेंटीमीटर, म्हणजे पावणेचौदा लिटर. वूफरचं धूड आणि आतला आडवा टेका वजा केला की साडेबारा उरतात. सरळ काप सुतारमामांनी मोठ्या करवतीवर काढून दिले. मला तितके काटकोनात जमलेच नसते. गोल मात्र मीच कापणार म्हटलं. मामा म्हणाले, "आधी रद्दी फळीवर करून बघ." मी ऐकलं नाही.

राउटरच्या, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राच्या, पट्टीवर त्रिज्या मोजताना पात्याच्या बाहेरच्या कडेऐवजी आतल्या कडेपर्यंत मोजली. भोक पात्याच्या जाडीच्या दुपटीने मोठं. वूफर त्यातून आरपार गेला. पुढची एक फळी वाया. पात्याची बाजू आता राउटरवरच मार्करने लिहून ठेवलीय.

एमडीएफचा धुरळा वाईट. साधा रुमाल बांधून भागत नाही, नीट बसणारा मास्क लागतोच. आणि हे काम खोलीत करायचं नसतं, हेही आज कळलं.

२ फेब्रुवारी

दोन्ही पेट्या चिकटल्या. टेका बसवण्याआधी बाजूवर बोटाच्या पेराने ठोकलं तर 'ढब्ब', नंतर 'टक्'. पुढच्या फळीच्या उभ्या कडा गोल केल्या, ट्वीटरचा आवाज कडेवर आदळून पुन्हा नव्याने पसरू नये म्हणून. आत लोकर सैलसर भरली.

९ फेब्रुवारी

क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारं सर्किट. या प्रकल्पातला मला सगळ्यात आवडलेला भाग, आणि सगळ्यात जास्त कागद यातच गेले.

जोड २२०० हर्ट्झला. तिथे तरंगलांबी साडेपंधरा सेंटीमीटर, आणि वूफर-ट्वीटरच्या केंद्रांत अंतर साडेचौदा. तरंगलांबीच्या आत बसतंय, म्हणजे थोडं वर-खाली बसलं तरी दोघांचं भांडण होणार नाही. उतार पुन्हा लिंकविट्झ-रायली. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघे ह्यूलेट-पॅकार्डमधले अभियंते. लिंकविट्झचा तो निबंध १९७६ चा. जोडाच्या ठिकाणी दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली, पण एकाच तालात, म्हणून बेरीज सपाट.

पुस्तकातली सूत्रं घेऊन कॉइल-कपॅसिटर बसवले की हे होईल, असा माझा भाबडा समज होता. होत नाही. २४ डेसिबलचा उतार हवेत मिळायला हवा, तारेत नाही. वूफर स्वतःच वर उतरत जातो, ट्वीटर स्वतःच खाली उतरतो. त्यांचा उतार अधिक आपला फिल्टर मिळून २४ व्हायचे. त्यामुळे सूत्रांपेक्षा निम्मेच भाग लागले, पण प्रत्येकाची किंमत मोजून-बदलून ठरवावी लागली. सगळं एका फळकुटावर चिमटे लावून मांडलं. कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात ठेवायच्या, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. मी दोन शेजारी ठेवल्या होत्या. काटकोनात वळवताच ट्वीटरची रेघ एक डेसिबल हलली.

मोजताना स्पीकर जमीन आणि छताच्या मधोमध, माईक एक मीटरवर. पहिला परावर्तित आवाज ६ मिलिसेकंदांनी येतो, तेवढीच खिडकी स्वच्छ. म्हणजे सुमारे १७० हर्ट्झच्या खालचं या मोजणीत खरं मानायचं नाही.

पेटीची रुंदी २२ सेंटीमीटर. साधारण ५०० हर्ट्झच्या खाली आवाज पेटीला वळसा घालून मागे जायला लागतो आणि पुढे ६ डेसिबलपर्यंत कमी पडतो. ते भरून काढायला वरचा भाग दाबला, पण चारच डेसिबल. मागची भिंत थोडंफार परत देते. याची किंमत संवेदनशीलतेत, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर किती आवाज मिळतो त्यात, मोजली: ८८ डेसिबलवरून ८४. साठ वॅटवर एक मीटरला १०२ डेसिबलच्या आसपास. घरात पुरेसं, कानांसाठी जास्तच.

शेवटची परीक्षा: ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट्या करून मोजायचं. जोड खरंच एकतालात असेल तर २२०० ला खोल खड्डा दिसला पाहिजे. दिसला. पंचवीस डेसिबलचा, मधोमध. तो खड्डा पाहून जितका आनंद झाला तितका सपाट रेघ पाहूनही झाला नव्हता.

१६ फेब्रुवारी

काल रात्री दोन्ही क्रॉसओव्हर पेटीत बसवले, सोल्डर केले, बाराच्या पुढे झाले होते. आज पहिलं ऐकणं. सब अजून नाहीत.

काय लिहू! स्पीकर गायबच झाले. तानपुरा भिंतींच्या बाहेरून येतोय, खोलीभर पसरलाय, डोक्याभोवती तरंगतोय. इतका खुला, हवेशीर आवाज मी कुठल्याही तयार जोडीवर ऐकलेला नाही. गळा मोकळ्या मैदानात असल्यासारखा. खर्ज थोडा पातळ आहे, पण ती बंद पेटीची किंमत, सब आले की भरून निघेल.

आई पाच मिनिटं बसली. म्हणाली, "छान आहे. पण अरे, गाणारी बसलीय कुठे? सगळीकडूनच येतंय." मी तिला समजावलं की यालाच ध्वनिमंच म्हणतात, तो रुंद असणं हीच तर खरी गंमत. ती "बरं" म्हणून उठली.

संगणक जोडला की एक 'हूं' येतो. ते पुढच्या आठवड्यात.

२२ फेब्रुवारी

'हूं' ची चौकशी. आधी कानाने नाही, माईकने: ५० हर्ट्झ. कर्कश असता, १०० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा, तर अ‍ॅम्पच्या पुरवठ्यातल्या रेक्टिफायरकडे (एसीची डीसी करणाऱ्या भागाकडे) बघितलं असतं. शुद्ध ५० म्हणजे बहुधा अर्थिंगचा फेरा. संगणक एका भिंतीतल्या सॉकेटवर, अ‍ॅम्प दुसऱ्या, दोघांची अर्थ लांबून एकमेकींना भेटते आणि तो फेरा सिग्नलच्या तारेच्या आवरणातून पूर्ण होतो.

सल्ला देणारे पटकन सांगतात, "अर्थची पिन काढून टाक." असलं काही करायचं नाही. उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगावर मेनची वीज येते, ती वाहून न्यायला ती पिन आहे. सगळं एकाच बोर्डवर आणलं, आवाज तीन चतुर्थांश गेला. उरलेला डीएसपीपासून अ‍ॅम्पपर्यंत बॅलन्स्ड तार (बाहेरून शिरलेला गोंगाट कापणारी) टाकल्यावर गेला. आता ट्वीटरला कान लावला तरच एक बारीक 'स्स' ऐकू येतो.

१ मार्च

तारांचा दिवस. एका मित्राने अंगठ्याएवढी जाड स्पीकर केबल ऐकायला दिली. माझी साधी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. तीन मीटर लांबीला जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.०४ ओहम. चार ओहमपर्यंत उतरणाऱ्या स्पीकरपुढे तो एक टक्का.

पण 'ऐकून बघ' म्हटलं तर बघायला हवं. आवाजाची पातळी व्होल्टमीटरने ०.१ डेसिबलच्या आत जुळवली. ही पायरी सोडली तर बाकी चाचणीला अर्थ नाही, कारण किंचित मोठं वाजणारं नेहमी चांगलंच वाटतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज वाढवला की कानाला खर्जही तुलनेने जास्त लागतो. धाकट्या बहिणीने पडद्यामागे नाणं उडवून तारा बदलल्या. सोळा फेऱ्या, माझी नऊ उत्तरं बरोबर. नुसतं डोळे मिटून सांगितलं तरी दहातून चार वेळा इतकी किंवा याहून जास्त बरोबर येतात. किमान बारा आली असती तर मी विचारात पडलो असतो.

"दादा, मग एवढी जाड कशाला करतात?" तिने विचारलं. मी केबल गुंडाळत होतो.

त्याच ओघात डिजिटल स्रोताचाही विचार झाला. सीडीच्या १६ बिटमध्ये ९६ डेसिबलची रेंज आहे. माझी खोली रात्रीही ३२ डेसिबलखाली जात नाही, आणि वर १०२ ही मर्यादा. म्हणजे सत्तर डेसिबलचाच खेळ. डॅकवर, म्हणजे डिजिटल आकड्यांचा सिग्नल करणाऱ्या उपकरणावर, आणखी खर्च करायचा बेत रद्द. तो खर्च पॅनेलमध्ये भरायच्या रॉकवूलकडे, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीकडे.

८ मार्च

दोन सब तयार. त्यांच्या पेट्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, चौकोनी आणि जड आहेत.

जागा कुठली? आधी पारंपरिक उपाय: सब खुर्चीवर ठेवायचा आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरायचं, जिथे खर्ज एकसारखा लागेल तिथे सब. मजेशीर प्रकार आहे, दार लावून करावा. पण दोन सब असतील तर गणित अधिक चांगलं. हरमन या ध्वनी कंपनीतल्या टॉड वेल्टीने २००२ मध्ये किती सब आणि कुठे याचा पद्धतशीर अभ्यास मांडला होता. समोरच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर एकेक ठेवला की दोन गोष्टी होतात. रुंदीच्या ४७.६ ला खोलीच्या मध्यरेषेवर दाबाचा शून्यबिंदू असतो, तिथून तो हलतच नाही. आणि लांबीच्या ३३.६ ला दोन टोकं विरुद्ध दिशेने झुलतात, दोन्हीकडून सारखाच धक्का मिळाला की तो आपसात कटतो.

मोजलं. खरंच दोन्ही डोंगर गेले. ६७ ला मात्र एक सुळका वर आला. साहजिक आहे: ती ३३.६ ची दुप्पट, तिची दोन्ही टोकं एकाच दिशेने झुलतात, त्यामुळे दोन्ही सब तिला मिळून झोका देतात. याला नंतर बघू.

खरी अडचण वेगळीच. सब आणि स्पीकर यांची जोड बसत नाही. ८० ला खड्डा.

१५ मार्च

खड्डा अजून आहे. मुख्य स्पीकरांना उशीर देऊन पाहिला, ० ते ८ मिलिसेकंद. कुठेतरी अर्धा भरतो, पूर्ण नाही.

१६ मार्च

एकेक करून मोजलं. डावा अधिक सब: सुरेख, ३ मिलिसेकंदाच्या उशिराला सपाट. उजवा अधिक सब: ८० ला विहीर. उजव्या बाजूला दार आहे, डाव्या बाजूला सलग भिंत. म्हणजे खोलीचा दोष. दारावर जड पडदा टाकून पाहिला, काही फरक नाही. दार उघडं ठेवून पाहिलं, नाही. उजवा स्पीकर वीस सेंटीमीटर सरकवला, विहीर तिथेच. सबची फेज, म्हणजे शंकूच्या पुढे-मागे झुलण्याची दिशा, उलटी केली: उजवा सपाट, आणि विहीर डावीकडे गेली.

हे वाक्य लिहूनही मला काही सुचलं नाही, हे पुढे कधीतरी वाचताना लक्षात ठेवावं.

२३ मार्च

सापडलं.

बहिणीला काहीतरी ऐकायचं होतं, एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण. मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरांत तंतोतंत एकच आवाज, तो दोघांच्या बरोबर मधे एका बिंदूत उभा राहायला हवा. तो कुठेच नव्हता. डोक्याभोवती तरंगत होता. खुला. हवेशीर. तेव्हा पाठीतून गार काहीतरी गेलं.

दीड व्होल्टचा सेल घेतला, धन टोक स्पीकरच्या लाल टोकाला. डावा वूफर पुढे सरकला. उजवा मागे.

उजव्याची मागची पट्टी उघडली. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्री मी लाल तार काळ्या टोकाला सोल्डर केली होती. स्वच्छ, चकचकीत, उत्कृष्ट सोल्डर.

मग मोजणीत कसं दिसलं नाही? कारण मी फक्त वारंवारतेची रेघ बघत होतो, आणि तिला दिशा कळत नाही. उलटा स्पीकरही तितकाच सपाट दिसतो. इम्पल्समध्ये, म्हणजे एका क्षणिक धक्क्याच्या आलेखात, दिसतं. १६ फेब्रुवारीची जपून ठेवलेली फाइल उघडली: डाव्याचं पहिलं टोक वर, उजव्याचं खाली. पाच आठवडे ते उत्तर माझ्याच संगणकात पडून होतं, मी तो टॅब एकदाही उघडला नव्हता. पातळ खर्जही त्यानेच, दोन वूफर एकमेकांची हवा काढून घेत होते. बंद पेटीला मी उगाच बोल लावला.

वरची १६ फेब्रुवारीची नोंद खोडावी असं फार वाटलं. खोडत नाही. ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलटून खड्डा शोधणारा, सोळा आंधळ्या फेऱ्या घेणारा माणूस तोच आहे, आणि त्याने बिघडलेल्या आवाजाला चार ओळींची विशेषणं वाहिली आहेत. मला तो आवाज खरोखर आवडला होता. स्वतः बांधलेली वस्तू पहिल्यांदा वाजते तेव्हा कान साक्षीला उभे करण्यात अर्थ नाही, ते घरचेच असतात. आईचं त्या पेटीत काही गुंतलेलं नव्हतं. तिने सरळ विचारलं होतं, गाणारी कुठे बसलीय, आणि मी तिला ध्वनिमंच शिकवला.

तार सुलटी केली. ८० हर्ट्झची विहीर नाही. उशीर ३ मिलिसेकंद, दोन्ही बाजू सारख्या.

३० मार्च

आठवडाभर काहीही न बदलता ऐकलं. आवाज आधीपेक्षा लहान वाटतो, हे कबूल करायला हवं. पहिले दोन दिवस ती पसरट हवा चुकल्यासारखी झाली. तिसऱ्या दिवशी तबला ऐकताना डग्गा आणि तबला यांच्यातलं अंतर दिसायला लागलं, हातभर. गळा मधे, तानपुरा त्याच्या मागे थोडा डावीकडे.

केबलची चाचणी उलट्या तारेवर झाली होती म्हणून पुन्हा घेतली. सोळापैकी आठ.

६ एप्रिल

पॅनेल. १.२ बाय ०.६ मीटर, दहा सेंटीमीटर जाड रॉकवूल, लाकडी चौकट, वर कापड. कापड निवडायची कसोटी सोपी: तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडे लागली पाहिजे. हातमोजे आणि पूर्ण बाह्या. तरी मनगटाला दोन दिवस खाज.

जागा आरशाने ठरवल्या. बहीण बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेते, मी खुर्चीत. ज्या ठिकाणी आरशात ट्वीटर दिसतो तिथे पॅनेल. डाव्या-उजव्या भिंतीवर दोन दोन, छताला दोन, मागे दोन. भिंतीपासून दहा सेंटीमीटर सोडून, म्हणजे त्याच रॉकवूलमध्ये थोडं खालपर्यंतचं शोषलं जातं. ३३ हर्ट्झची तरंगलांबी दहा मीटरची, तिच्यापुढे हे पॅनेल म्हणजे वाऱ्यापुढे रुमाल. ते काम सबच्या जागांनी आधीच केलंय.

निनाद ०.४८. गणित म्हणत होतं ०.४५. सेबाइनला नमस्कार.

टाळी वाजवली, टर्रर्र नाही. हे पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. आधी-नंतरचा फरक ऐकायच्या नादात तीन महिने भुताच्या खोलीत निर्णय घेत बसलो.

१३ एप्रिल

१०७ हर्ट्झला एक खळगा उरला होता. स्पीकर त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपासून ८० सेंटीमीटरवर. तिकडून परतणारा आवाज १.६ मीटर जास्त चालून येतो, तेवढ्यात १०७ ची अर्धी तरंगलांबी होते आणि तो उलटा होऊन मूळ आवाज खातो. स्पीकर १.१ मीटरवर आणले. खळगा ७८ वर उतरला, आणि ८० च्या खाली राज्य सबचं आहे. गेला. खोलीत चालायची जागाही थोडी गेली. दोन स्पीकरांत २.१ मीटर, खुर्चीपासून प्रत्येक २.४.

२० एप्रिल

आता कुठे इक्वलायझर, म्हणजे निवडक वारंवारता कमी-जास्त करणारे डीएसपीतले फिल्टर. मुद्दाम इतका उशिरा. नियम दोनच ठेवलेत. १८० हर्ट्झच्या वर हात लावायचा नाही, तिथे खोलीचे सुटे सुटे स्वर संपून गर्दी सुरू होते आणि डोकं इंचभर हलवलं की रेघ बदलते. आणि फक्त कापायचं, भरायचं नाही. दहा डेसिबलचा खड्डा भरायचा म्हणजे अ‍ॅम्पकडून दहापट वॅट मागायचे, आणि ते वॅट त्याच खड्ड्यात पडतात.

६७ चा सुळका ८ डेसिबलचा होता, सात कापले. दुसरा फिल्टर १२० जवळ, तीन डेसिबल. एवढंच. वरच्या बाजूचा आवाज जसा आहे तसा, खालून वर हळूहळू उतरणारा.

११ मे

आईला बसवलं. काहीही सांगितलं नाही. दहा मिनिटं डोळे मिटून होती.

"आता मधे बसलीय." मग थोड्या वेळाने, "पण ते कपाट कोण वाजवतंय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. ती गेल्यावर सावकाश स्वीप लावला, २० ते १२०, एकेक हर्ट्झ, आणि खोलीभर हात लावत फिरलो. ४१ ला पुस्तकांच्या कपाटाची काच. तिच्या खाचेत नमद्याची पट्टी भरली. ५८ ला पडद्याच्या दांडीचं एक मोकळं कडं. ७३ ला खिडकीची कडी.

४९ ला अजून कुठेतरी काहीतरी झिणझिणतंय. कपाट नाही, खिडकी नाही, दिव्याची शेड काढून ठेवली तरी आहे. उद्या बहिणीला खुर्चीत बसवून मी बाहेरच्या बाजूने भिंत दाबून पाहणार आहे.